डबा परत करायला गेलो तेव्हा

डबा वर्षभर फ्रिजवर होता. स्टीलचा, गोल, कडीचा. झाकणावर मशीनने ठिपक्याठिपक्यांत एक नाव घातलेलं. आधी 'कै.', मग एका गृहस्थांचं पूर्ण नाव, खाली 'यांच्या स्मरणार्थ', आणि त्याखाली खाडीकाठच्या एका गावाचं नाव. दूध ठेवायला फ्रिज उघडला की तो दिसायचा. काही दिवसांनी दिसेनासा झाला, म्हणजे तिथेच असून दिसेनासा झाला. मग वर्षश्राद्ध जवळ आलं आणि पुन्हा दिसायला लागला.

पत्नी गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी तो डबा घरी आला. आणला होता मासे घेऊन येणाऱ्या मावशींनी. वीस वर्षं त्या आमच्या इमारतीत टोपली घेऊन येत होत्या. आमच्या मजल्यावर जिन्याच्या पायरीवर बसायच्या, पत्नी दारात पाट घेऊन बसायची आणि कोळंबी सोलून होईपर्यंत, किंवा चहा संपेपर्यंत, दोघींचं बोलणं चालायचं. त्या दिवशी मात्र टोपली नव्हती. डब्यात मऊ भात होता, वर फोडणी नसलेलं वरण. पंधरा किलोमीटरवरून आणलेला तो भात गार झाला होता. मी तो खाल्ला. त्या कधी उठून गेल्या ते मला कळलं नाही. अशा घरातून निघताना कुणी 'येते' म्हणत नाही.

तेराव्यानंतर आठवड्याभराने त्या पुन्हा आल्या. बेल त्यांनी कधी वाजवली नाही. कडीच वाजवायच्या. कडी वाजली आणि बाहेरून आवाज आला, "भाऊ, हाव काय घरात?"

मी आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसलो होतो. उठलो नाही. उठायला हवं हे कळत होतं, पण दार उघडलं की त्या पायरीवर बसतील आणि समोरचा पाट रिकामा दिसेल, एवढंच डोक्यात येत राहिलं. पुस्तकाचं पान तेच होतं. कडी आणखी एकदा वाजली. मग पावलं खाली गेली.

महिनाभरात असं तीनदा झालं. पुढे त्या आल्या नाहीत.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. पत्नी गेली ती दुपारी, जेवणानंतर, अचानक. त्या दिवशी सकाळी मावशी आल्या होत्या आणि दोघी दारात बसून हसत होत्या. साधं हसणं नव्हतं ते. एकीचं थांबलं की दुसरीचं सुरू व्हायचं. मी वाचत होतो. मला व्यत्यय आला. मी उठलो आणि आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं. त्या कशाला हसत होत्या ते मी दुपारी जेवताना विचारलं नाही. नंतर विचारायला कुणी उरलं नाही. उरल्या होत्या त्या मावशी, आणि त्यांच्यासाठीही मी दार उघडलं नव्हतं.

म्हणून डबा परत द्यायचा होता. आणि जमलं तर विचारायचंही होतं.

डबा रिकामा परत द्यायचा नसतो, एवढं मला माहीत होतं. पत्नी शेजारच्यांची वाटीसुद्धा चिमूटभर साखर घालून पाठवायची. पण हा डबा सुतकातला. शेजारच्या वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "सुतकातला डबा रिकामाच द्यायचा, काका." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण लगेच. वर्षाने कोण देतं? ते नाही बाई मला माहीत."

मला एक चहा सोडला तर काही करता येत नाही. कपाटात कैरीच्या लोणच्याची बरणी होती, पत्नीने घातलेली शेवटची. निम्मी उरली होती. मी ती पुरवून पुरवून खात होतो, आठवड्यातून एक फोड. त्यातलं निम्मं डब्यात काढलं. काढताना हात जड झाला हे लपवत नाही.

मुलगी पुण्याहून फोनवर म्हणाली, "बाबा, गाडी करून जा ना." मी हो म्हणालो. पण खाडीकाठच्या वाटेवर गाडी जात नाही, आणि अनोळखी ड्रायव्हरला कुणाकडे जायचं ते काय सांगणार? मावशींचं नाव मला माहीत नव्हतं. वीस वर्षं त्या 'मावशी' होत्या. माझ्याकडे होतं ते झाकणावरचं नाव. त्यांचा नवरा असेल, नाहीतर सासरा. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. नाव आणि गाव एवढं हातात असलं की वस्तू जागेवर लावता येते, असा माझा समज होता.

ग्रंथालयात जायची माझी काळी सायकल जिन्याखाली होती. ट्यूब बदलून घेतल्या, ब्रेकला नवी रबरं लावली. वर्षश्राद्धानंतरच्या अमावास्येला सकाळी सहाला निघालो. डबा कापडी पिशवीत घालून हँडलला अडकवला.

पनवेल सोडेपर्यंत रस्ता ओळखीचा होता. पुढे नव्हता. टेकड्या कापून सपाट केलेल्या, उंच पुलांच्या सावलीत जुना रस्ता मध्येच संपायचा आणि पत्र्याच्या कुंपणाला वळसा घालून पुन्हा सुरू व्हायचा. डोक्यावरून विमान गेलं, इतकं खाली की मी नकळत मान आत घेतली. गुडघे पहिल्या तासातच बोलायला लागले. चढ नव्हता, तरी दोनदा उतरून सायकल हातात धरून चाललो. मला कुठेही वेळेवर पोचायचं नव्हतं, आणि खरं तर पोचायचंही नव्हतं.

गावात शिरलो तेव्हा साडेआठ झाले असतील. एका घराच्या ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ दात घासत बसले होते. मी डबा काढून झाकण त्यांच्यापुढे धरलं आणि विचारलं, "यांचं घर कुठलं?"

त्यांनी झाकण वाचलं नाही. नुसतं बघितलं, आणि आत वळून हाक मारली, "ए, आपला डबा आन गो भाईर!"

त्यांची सून डबा घेऊन आली. तस्साच. तीच कडी, तेच ठिपके, तेच 'कै.' त्यात साखर होती.

"हा तुमच्याकडे कसा?" मी विचारलं.

"कसा म्हंजे? ह्या बाबाच्या वरसाला पोरांनी घरटी एकेक वाटलाय. सगल्या गावात हाय." आणि समोरच्या घराकडे बोट करून म्हणाले, "त्यांच्यात दोन हायत. त्यांची चूल येगली झाली ना."

समोरून एक बाई हसत म्हणाली, "आमच्यात डाल हाय डब्यात, दाखवू काय?"

मी सायकल भिंतीला टेकवली आणि ओट्याच्या कडेला बसलो. आयुष्यभर पुस्तकांवर शिक्के मारले. शिक्का असला की पुस्तक कुणाचं ते ठरतं. इथे शिक्का सगळ्या गावावर एकच होता. सुनेने पाणी दिलं.

"तुमाला कोन पायजे, सायेब?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"पनवेलला मासे घेऊन यायच्या त्या मावशी."

"पनवेलला निमं गाव जायाचं म्हावरं घेऊन. कनची मावशी? नाव काय?"

"नाव माहीत नाही."

"दिसायला कशी? काली, गोरी? उंच?"

मी आठवायला लागलो. हिरवं पातळ आठवलं, पण ते कुणाचंही असेल. चेहरा आठवेना. वीस वर्षांत मी त्यांच्याकडे धड पाहिलंच नव्हतं. आतल्या खोलीतून जेवढं कळतं तेवढंच मला ठाऊक होतं.

"हसायच्या," मी म्हणालो. "खूप मोठ्याने हसायच्या. एकदा सुरू झालं की थांबायचं नाही."

समोरची बाई आणि सून एकदमच म्हणाल्या, "मंग तीच!"

"अर्ध्या खाडीला आयकू जायाचं तिचं हसनं," म्हातारे म्हणाले. "नवरा तिला बोलायचा, मासं पलतील गो."

त्या गावात नव्हत्या. खाडीत आता पूर्वीसारखं मिळत नाही, गुडघेही धरले होते, आणि लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गेल्या त्या तिकडेच राहिल्या. लेक उरणच्या पलीकडे, समुद्रकाठच्या गावात दिलेली. खूण सांगितली: देवळामागे सुकी मासळी घालतात तिथं विचारा.

अजून तेवढंच अंतर होतं. परत फिरावं असं मनात आलं. डबा सुनेच्या हातात द्यावा, जेव्हा जमेल तेव्हा पोचवा म्हणावं. मी पिशवी उचललीही. पण डबा एकदा त्या गावात ठेवला की तो बाकीच्यांसारखा होऊन जाणार होता. आणि दार लोटून घ्यायचा हा आणखी एक प्रकार झाला असता.

"मोठ्या रस्त्यानं ट्रेलर लय," म्हातारे म्हणाले. "बांधानं जा. पन येलेवर जा. आज आवस. बारा वाजता पानी भरंल, आन मधी खांड पडलेली हाय."

बांध म्हणजे खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला मातीचा उंच पट्टा. एका अंगाला तिवरं आणि चिखल, दुसऱ्या अंगाला पूर्वीची भातशेतं, आता तिथेही बहुतेक चिखल. वरून पायवाट. सायकल जेमतेम जाते. तिवरांच्या मुळांतून फुटफुट आवाज येत होता. बगळे उडत नव्हते, मी जवळ आलो की दोन पावलं सरकायचे. वास होता कुजक्या पानांचा आणि मिठाचा. पिशवीतून लोणच्याचा वास यायला लागला होता. बघितलं तर कापडाला तेलाचा डाग पडून तो पँटच्या गुडघ्यापर्यंत आला होता.

मी वेळेवर गेलो नाही. मध्येच बसलो. दमलो होतो, आणि त्या जागी कुणी काही विचारायला नव्हतं. वर्षभर माणसं विचारत होती, कसे आहात, जेवता ना, झोप लागते ना. बगळ्यांनी विचारलं नाही. किती वेळ गेला ते कळलं नाही. उठून खांडीपाशी पोचलो तेव्हा बांध जिथे फुटला होता त्या आठ-दहा हातांतून पाणी आत शिरत होतं, घाई नसल्यासारखं, पण थांबणार नाही असं.

परत फिरलो असतो तर सहज कारण होतं. पाण्यात उतरलो. चिखलात पाय रुतला, पाणी मांडीपर्यंत आलं. सायकल खांद्यावर घेणं मला या वयात जमणारं नव्हतं. पहिल्या फेरीत डबा डोक्यावर धरून पलीकडे नेला आणि ठेवला. दुसऱ्या फेरीत सायकल पाण्यातून ओढली. पलीकडे पोचून चिखलातच बसलो. मला रडू आलं. वर्षभरात माणसांसमोर आलं नव्हतं.

पुढचं नीट आठवत नाही. जासईकडचे कंटेनरचे रंगीत डोंगर, मिठागरांतले पांढरे ढीग, उरणच्या बाजारात प्यायलेला लिंबू सोडा. सोडावाल्याने माझ्या पँटकडे बघून विचारलं, "काका, सायकल पाण्यातून आणली का?" मी हो म्हणालो, तर त्याला ती थट्टा वाटली.

समुद्र दिसला तेव्हा दुपार झाली होती. काळसर वाळू, भरतीने वरपर्यंत ओली केलेली. देवळामागे बांबूंच्या आडव्या काठ्यांवर बोंबील टांगले होते आणि जमिनीवर जाळ्या पसरून जवळा वाळत घातला होता, नखाएवढी बारीक, गुलाबीसर कोळंबी. एक बाई बसल्या बसल्या हाताने जवळा परतत होत्या. त्या हसत नव्हत्या. तरी ओळखलं. पायरीवर बसायच्या तशाच बसल्या होत्या, एक गुडघा वर घेऊन.

त्यांनी डोळ्यांवर हात धरून बघितलं. मला उन्हात त्यांनी कधी पाहिलं नसेल. त्यांनी आधी डबा ओळखला.

"डबा आनलात व्हय? सायकलीवर? याड लागलंय का, भाऊ?"

मी सायकल वाळूत आडवी केली आणि त्यांच्यासमोर बसलो. सगळ्या रस्त्यात जे जुळवलं होतं त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"तीनदा आलते मी," त्या जवळ्याकडे बघत म्हणाल्या.

"हो."

"तुमी व्हतात आत. चपला भाईर व्हत्या."

"होतो."

"पंख्याचा आवाज पन येत व्हता."

"माझ्याच्याने दार उघडवलं नाही, मावशी." त्यांच्या तोंडावर मी पहिल्यांदाच मावशी म्हटलं.

त्यांनी हातातला जवळा पसरला. "मला डबा नको व्हता. मला दोन हायत तसलं. माजं आपलं मनात, तुमाला बी काय झालं का काय. तिसऱ्या टायमाला खाली वॉचमनला इचारलं. तो बोलला, रोज पेपर आत जातोय. मंग बोलले, पेपर वाचतोय ना, म्हंजे जित्ता हाय. चला." आणि पदराने तोंड पुसलं. रागावल्या होत्या की नाही ते मला आजही सांगता येणार नाही.

मी डबा पुढे केला. त्यांनी कडी काढली, आत बघितलं आणि ओरडल्याच, "स्टीलमदी लोनचं? वयनीनं मारला असता तुमाला!"

आत हाक मारून त्यांनी काचेची बरणी मागवली. लेकीने आणून दिली. बोटाने फोडी काढता काढता एक तोंडात टाकली आणि थांबल्या. चावत नव्हत्या, नुसती धरली होती.

"तिच्या हातचं," त्या म्हणाल्या. फोड गालात सरकवून म्हणाल्या, "कैऱ्या मी कापल्यात ह्या. तुमच्या जिन्यात बसून. माज्या कोयतीनं."

"मासे कापायच्या?"

"मंग काय, सोन्याच्या? तुमची सुरी कुनाला कापती! तीनदा धुतली, लिंबू लावला. वयनी बोलली, भाऊला सांगू नका, जेवायचा नाय. दर वर्साला." आणि त्या हसल्या. पूर्वीचं हसणं होतं, थोडं कमी. समोरची कुत्री उठून लांब गेली.

दर वर्षी. वीस वर्षं मी ते लोणचं खाल्लं होतं, आणि शेवटचं वर्षभर तर आठवड्याला एक फोड, देवाच्या प्रसादासारखं.

मग मी विचारलं. त्या शेवटच्या दिवशी सकाळी तुम्ही दोघी दारात बसून कशाला हसत होता?

त्यांनी विचार केला. खरंच केला. हात थांबवला, समुद्राकडे बघितलं.

"ध्यानात नाय, भाऊ," त्या म्हणाल्या. "आमी रोजच हसायचो. कनचा दिस म्हनून ध्यानात ठेवू?"

एवढ्यासाठी मी इतक्या लांब आलो होतो. मला वाटत होतं, उत्तर मिळालं नाही तर आणखी खचेन. तसं झालं नाही. बरंही वाटलं नाही. खूप दिवस हातात धरलेली वस्तू खाली ठेवावी आणि हात दुखत होता हे तेव्हा कळावं, तसं झालं. रोज हसायच्या. मी एकाच दिवशी दार लोटलं असं धरून चाललो होतो.

लेकीने जेवायला वाढलं, तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलांचं कालवण. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. लेकीचा दीर बर्फाचा टेम्पो घेऊन पनवेलला जाणार होता. त्याने सायकल मागे टाकली. मी उठलो तर मावशींनी रिकामा डबा घासून, पुसून, त्यात सुका जवळा भरला आणि कडी लावून माझ्या हातात दिला.

"हा तुमचा आहे," मी म्हणालो. "हाच तर परत द्यायला आलो."

"मला दोन हायत म्हनलं ना. आन आलेला डबा रिकामा देऊ काय? वरस झालं आता."

खरं सांगायचं तर मला कंटाळा आला. सकाळपासून एकच विचार होता, की हे एकदाचं संपेल. आता डबा पुन्हा माझ्याकडे, पुन्हा तो रिकामा व्हायचा, पुन्हा त्यात काहीतरी घालून एवढ्या लांब यायचं. "पुढच्या वेळी काय घालू?" मी विचारलं. त्यात थकवाच होता, थट्टा नव्हती.

"लोनचं नको," त्या म्हणाल्या. "येतानी बांधानं येव नका. रस्त्यानं या."

टेम्पोत बसताना मी "येतो" म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि जवळ्याकडे वळल्या.

घरी सहाच्या सुमाराला पोचलो. अंघोळ केली. भूक नव्हती, पण डबा फ्रिजवर ठेवावासा वाटेना. मूठभर जवळा तव्यावर टाकला. पत्नी कोरडाच भाजायची, एवढं मला वासावरून ठाऊक होतं. माझा करपला. सगळं घर धुराने भरलं, खिडकी उघडली तर धूर जिन्यात गेला असावा.

दाराची कडी वाजली. "काका, सगळं ठीक आहे ना? काय जळतंय?" शेजारच्या वहिनींचा आवाज.

तव्याखालचा गॅस बंद केला, हात पुसले आणि जाऊन दार उघडलं.